जुनी जीप आणि नवा आंस

राजे, लढाया आणि तह ह्यांचा इतिहास आपल्या भाषेंत पुष्कळ लिहिला गेला आहे. संतांचा आणि पंतांचाही लिहिला गेला आहे. परंतु ज्या गाड्यांनीं धान्य बाजारास नेलें, वऱ्हाड लग्नास नेलें आणि आजाऱ्यास दवाखान्यांत पोंचविलें, त्या गाड्यांचा इतिहास लिहिण्यास फारसें कोणी बसलेलें दिसत नाहीं. त्यांतही चाकास थोडाबहुत मान मिळाला आहे. काळास आपण चक्र म्हणतों, दैवास म्हणतों, फार काय राष्ट्राच्या ध्वजावरही आपण चक्रच काढिलें आहे. पण तें चक्र ज्याच्यावर फिरतें तो आंस मात्र नेहमीं चाकाआड राहिला. आज आम्ही ह्या दुर्लक्षित आंसाची, आणि त्याच्या निमित्तानें आपल्या देशांत पाऊण शतक राबलेल्या जीपगाडीची, हकीकत वाचकांपुढें ठेवणार आहों.

कोणी म्हणेल, हा विषय मिस्त्र्यांचा आहे, साहित्याच्या मासिकांत त्याचें काय काम? आमचें उत्तर असें कीं, जुन्या जीपचा मोडका आंस काढून तिच्याखालीं दुसरा बळकट आंस बसवावयाचा कीं नाहीं, हा प्रश्न दिसावयास गॅरेजांतला असला, तरी त्याच्या पोटांत इतिहासाचे, कायद्याचे आणि तत्त्वज्ञानाचेही प्रश्न दडलेले आहेत. आम्ही राहतों त्या वांद्र्याहून कलिना ओलांडून कुर्ल्याकडे निघालें म्हणजे सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचीं दुकानें आणि गॅरेजें लागतात. तेथें तेलानें काळे पडलेले गिअर, शाफ्ट आणि पाटे ढिगानें पडलेले असतात. ग्रंथसंग्रहालयांत जुन्या पोथ्या पाहतांना जी जिज्ञासा मनांत उत्पन्न होते तीच हे ढीग पाहूनही व्हावी, असें आम्हांस वाटतें.

प्रथम शब्दाविषयीं दोन शब्द. संस्कृतांतील अक्ष, लॅटिनमधील अ‍ॅक्सिस आणि इंग्रजींतील अ‍ॅक्सल हे तिन्ही शब्द एकाच मूळ कुळांतले आहेत, आणि आपला मराठी आंसही त्याच घराण्यांतला. ज्या लोकांच्या भाषा पुढें इतक्या दूर गेल्या, त्यांचे पूर्वज एके काळीं एकाच शब्दानें आपल्या गाडीचा कणा ओळखीत होते. आपल्याकडील बैलगाडींत हा आंस स्थिर असतो. तुंब्यांत बसविलेले आरे, त्यांवरची लोखंडी धाव, हें सारें चाक त्याच्याभोंवतीं फिरतें, आणि मध्यें वंगण घातलें म्हणजे घर्षण कमी होतें. आंसाचें काम एकच, भार सोसणें. ओढण्याचें काम बैलांचें.

आगगाडी आली तेव्हां आंसाची स्थिति पालटली. तेथें चाकें आंसावर घट्ट बसविलेलीं असतात आणि आंस चाकांबरोबर फिरतो. फिरणाऱ्या आंसावर भार असला म्हणजे त्याचा प्रत्येक भाग आळीपाळीनें ताणला आणि दाबला जातो. १८४२ च्या मे महिन्यांत फ्रान्समध्यें व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या आगगाडीच्या एंजिनाचा आंस मोडून भयंकर अपघात झाला व पुष्कळ माणसें जळून मेलीं. तेव्हांपासून विद्वानांस कोडें पडलें कीं, चांगलें लोखंड, भारही बेताचा, मग आंस मोडतो कां? पुढें प्रशियांतील वोलर नांवाच्या रेल्वे-इंजिनिअरानें वर्षानुवर्षें प्रयोग करून दाखविलें कीं, एकदां दिलेल्या मोठ्या धक्क्यानें जी धातु मोडत नाहीं ती लक्षावधि वेळां दिलेल्या लहान लहान ताणांनीं मोडते. धातूलाही थकवा येतो, हें ज्ञान जगास आंसानें दिलें.

मोटारगाडीनें आंसावर तिसरें ओझें टाकिलें. येथें भार सोसावयाचा तो सोसावयाचाच. शिवाय एंजिनाचें बळ चाकांपर्यंत पोंचवावयाचें तेंही आंसांतूनच. आणखी एक अडचण अशी कीं, वळण घेतांना बाहेरच्या चाकास आंतल्या चाकाहून अधिक अंतर तोडावें लागतें. दोन्ही चाकें एकाच दांड्यावर ठोकून बसविलीं तर एक तरी घासत जाईल. ह्यावरचा उपाय म्हणजे डिफरन्शियल, आंसाच्या मध्यभागीं दिसणारा तो गोल फुगीर भोपळा. फ्रान्समधील पेक्यूर ह्यानें १८२७ सालीं वाफेच्या गाडीसाठीं ही युक्ति काढिली. हिच्यामुळें दोन्ही चाकांस बळ मिळूनही त्यांची गति निराळी राहूं शकते. पण हिच्यांत एक खोड आहे. एक चाक चिखलांत रुतून मोकळें फिरूं लागलें कीं सारी गति त्याच्याच वाट्यास जाते, आणि कोरड्या जमिनीवरचें दुसरें चाक स्वस्थ उभें राहतें. चिखल, वाळू आणि दगडधोंडे ह्यांतून जाणाऱ्या गाडीस म्हणून एका आंसानें भागत नाहीं. पुढचा आंसही चालता करावा लागतो.

ह्याच गरजेंतून जीप जन्मास आली. १९४० सालीं युरोप युद्धानें पेटलेलें असतां अमेरिकेच्या सैन्यास घोड्याची जागा घेईल अशी पाव टन ओझें नेणारी हलकी गाडी हवी होती. पेनसिल्व्हेनियांतील बॅन्टम नांवाच्या एका लहानशा कंपनीनें कार्ल प्रॉब्स्ट ह्या इंजिनिअरास हाताशीं धरून त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत पहिला नमुना सैन्याच्या हवालीं केला. परंतु ह्या कंपनीचा कारखाना लहान पडला, आणि मुख्य काम ओहायो संस्थानांतील टोलीडोच्या विलीस-ओव्हरलंड कंपनीकडे व तिच्या जोडीस फोर्डकडे गेलें. विलीसचें साठ अश्वशक्तीचें एंजिन बार्नी रूस ह्या तज्ज्ञानें सिद्ध केलें होतें. युद्ध संपेपर्यंत दोन्ही कंपन्यांनीं मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बांधिल्या.

जीप विलीसची म्हणून प्रसिद्ध झाली, तरी तिचे आंस विलीसचे नव्हते. ते स्पायसर कंपनीचे होते, आणि हीच कंपनी १९४६ पासून डेना ह्या नांवानें ओळखली जाऊं लागली. म्हणजे जीप ही मुळापासूनच जमवाजमवीची गाडी होती. युद्धांतल्या जीपच्या मागील आंसाची रचना मोठ्या शहाणपणाची होती. गाडीचें वजन आंसाच्या बाहेरच्या नळीवर, आणि आंत फिरणाऱ्या शाफ्टकडे केवळ चाक फिरविण्याचें काम. ह्यास इंग्रजींत फुल फ्लोटिंग म्हणतात. आंतला शाफ्ट तुटला तरी चाक जागच्या जागीं राहतें, आणि पुढच्या आंसाच्या बळावर गाडी घरीं येते. युद्धानंतर जीप शेतकऱ्यांसाठीं होऊं लागली तेव्हां थोड्याच काळांत मागचा आंस सेमी फ्लोटिंग झाला. त्यांत शाफ्टच भारही वाहतो आणि चाकही फिरवितो. तो तुटला तर चाक गाडीची साथ सोडून जातें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. २ ऑक्टोबर १९४५ रोजीं मुंबईंत महिंद्र आणि महंमद ह्या नांवानें पोलादाचा व्यापार करणारी एक कंपनी निघाली. जगदीशचंद्र व कैलाशचंद्र हे महिंद्र बंधु आणि मलिक गुलाम महंमद हे तिचे संस्थापक. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानांत गेले, तेथें प्रथम अर्थमंत्री आणि १९५१ सालीं गव्हर्नर-जनरल झाले. इकडे १९४८ सालीं कंपनीच्या पाटीवर दोन्हीकडे महिंद्र हेंच नांव आलें. कैलाशचंद्र युद्धकाळांत अमेरिकेंत हिंदुस्थानच्या पुरवठा-मंडळाचे प्रमुख होते, आणि तेथेंच त्यांची व जीपची गांठ पडली. १९४७ सालीं सुट्या भागांच्या रूपानें पहिल्या ७५ जीपगाड्या आल्या, आणि मुंबईच्या माझगांव भागांत जीपची जुळणी होऊं लागली. पुढें हा व्यवसाय उपनगरांत कांदिवलीस वाढला, आणि कांदिवली व जीप हीं नांवें जोडीनेंच उच्चारलीं जाऊं लागलीं.

ह्या जुळणीच्या धंद्यास एक मोठा प्रश्न चिकटलेला होता. पेट्या परदेशांतून यावयाच्या, येथें त्या फोडून नटबोल्ट आवळावयाचे, आणि गाडी देशी म्हणून विकावयाची, ह्याला उद्योग म्हणावयाचें काय? मुंबईंत शिवडीस जनरल मोटर्सचा असाच जुळणीचा कारखाना १९२८ पासून होता. फोर्डचाही व्यवसाय मुंबईंत होता. इकडे कुर्ल्यास वालचंद हिराचंद ह्यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनीनें १९४७ पासून क्रायस्लरच्या गाड्या जुळविण्यास आरंभ केला होता. १९५३ सालीं टॅरिफ कमिशननें आपला अभिप्राय दिला कीं, जे भाग येथेंच तयार करण्याचा क्रमाक्रमाचा कार्यक्रम हातीं घेतील त्यांनींच ह्या धंद्यांत राहावें. जनरल मोटर्स आणि फोर्ड ह्यांनीं आपला गाशा गुंडाळला. महिंद्र आणि प्रीमियर राहिले. ह्यापुढील जीपचा इतिहास म्हणजे एकेक परदेशी भाग काढून त्याच्या जागीं एकेक देशी भाग बसविण्याचा इतिहास होय. आज पाटे, उद्यां गिअर, परवां आंस. गॅरेजांतील मिस्त्री एका गाडीवर जें करितो तेंच एका राष्ट्रानें आपल्या साऱ्या गाड्यांवर केलें. फरक इतकाच कीं, राष्ट्रानें केलें तेव्हां त्यास देशीकरण म्हटलें गेलें, आणि मिस्त्रीनें केलें तेव्हां जुगाड म्हटलें गेलें.

ह्याच काळांत जुन्या जीपच्या डागडुजीवरून देशाच्या राजकारणांत मोठें वादळ उठलें, तेंही सांगितलें पाहिजे. १९४८ सालीं काश्मीरचें युद्ध चालू असतां लंडनमधील आपले हायकमिशनर कृष्ण मेनन ह्यांनीं सैन्यासाठीं सुमारें ८० लाख रुपयांचा जीपखरेदीचा करार केला. गाड्या नव्या नव्हत्या. वापरलेल्या, पण दुरुस्त करून दिलेल्या अशा त्या असावयाच्या होत्या. प्रत्यक्षांत १५५ जीप आल्या, आणि त्याही सैन्यानें नापसंत केल्या. संसदेंत प्रश्नांची झोड उठली. शेवटीं १९५५ सालीं सरकारनें हें प्रकरण मिटलें असें जाहीर केलें. स्वतंत्र भारतांतील गैरव्यवहारांच्या यादींत पहिलें म्हणून ह्याच प्रकरणाचें नांव घेतात. ह्यांतून आमच्या विषयापुरता बोध एवढाच कीं, दुरुस्त केलेल्या यंत्राचें मोल हें ज्यानें दुरुस्त केलें त्याच्या सचोटीवर आणि ज्यानें तपासलें त्याच्या डोळ्यांवर अवलंबून असतें. रंगाच्या नव्या हातावर नव्हे.

पुढें जीप खेड्यांत शिरली. २ ऑक्टोबर १९५२ रोजीं सामुदायिक विकासयोजना सुरू झाली आणि तिच्याबरोबर विकासखंडाची सरकारी जीप गांवोगांवीं दिसूं लागली. पक्क्या रस्त्यांवर १९४८ पासून एसटी धांवत होती. पण जेथें एसटी जात नसे तेथें जीप जाई. कालांतरानें ह्या सरकारी आणि लष्करी जीपगाड्या लिलावांत निघून खाजगी मालकांच्या हातीं पडल्या आणि त्यांचें दुसरें आयुष्य सुरू झालें. पश्चिम महाराष्ट्रांत वडाप हा शब्द ज्यानें ऐकला नाहीं असा प्रवासी विरळा. आंत जितके, तितकेच बाहेर लटकलेले, आणि टपावर भाजीच्या पाट्या, अशा थाटानें ज्या गाड्या घाट चढत, त्यांत जीपचा वांटा मोठा होता. फिलिपिन्समध्येंही असेंच घडलें. अमेरिकन सैन्यानें मागें ठेवलेल्या जीपगाड्या लांबवून, रंगवून तेथील लोकांनीं जीपनी नांवाची सार्वजनिक गाडी निर्माण केली, आणि मनिला शहर पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर चाललें. पाव टनासाठीं बांधलेल्या गाडीवर एक टन लादला म्हणजे पहिला बळी कोणाचा जाणार? अर्थात् आंसाचा.

दुसरें कारण एंजिनाचें. विलीसच्या परवान्यानें येथें तयार झालेली सीजे-३बी ही जीप पेट्रोलवर चाले. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोल पिणारी गाडी सामान्य माणसास परवडेनाशी झाली. कंपनीनें स्वतःच जीपखालीं डिझेल एंजिनें घालण्यास आरंभ केला. आधीं इंटरनॅशनल घराण्याचें, आणि १९८० च्या दशकांत फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याचें. कारखान्यानें जें केलें तेंच मिस्त्र्यांनीं जुन्या गाड्यांवर केलें. पण एंजिन बदललें म्हणजे प्रकरण तेथें थांबत नाहीं. एका भागाचा बदल दुसऱ्या भागाचा बदल मागतो, आणि हें मागणें शेवटीं आंसापाशीं येऊन ठेपतें.

हें कसें, तें थोडक्यांत सांगतों. सीजे-३बीच्या आंसांतील गिअरांचें प्रमाण ५.३८ आहे; म्हणजे एंजिनाकडून येणारा शाफ्ट ५.३८ वेळां फिरेल तेव्हां चाक एकदां फिरेल. गिअरबॉक्समधील पहिला गिअर आणि त्यामागच्या चार-चाकी पेटींतला खालचा गिअर हेही जमेस धरिले तर एंजिनाच्या सुमारें ३७ फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते. ह्या मंद गतींतच जीपचें डोंगर चढण्याचें सामर्थ्य आहे. आतां हौशी मालक २८ इंच व्यासाचीं मूळ चाकें काढून ३३ इंचांचीं मोठीं चाकें बसवितो, कारण खालून दगड लागूं नयेत. चाक मोठें झालें कीं तेंच ५.३८ चें प्रमाण व्यवहारांत सुमारें ४.५६ इतकेंच उरतें. गाडी चढावर धापा टाकूं लागते. शिवाय मोठ्या चाकाच्या तरफेनें शाफ्टवरचा पीळही वाढतो. म्हणून शाफ्ट जाड हवा. येथें निसर्गाचा एक उदार नियम मदतीस येतो. पीळ सोसण्याचें बळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें. व्यास एक पंचमांशानें वाढविला तर बळ सुमारें पाऊणपटीनें वाढतें. थोड्या जाडीनें पुष्कळ काम होतें, ह्यामुळेंच दुसऱ्या गाडीचा जाड आंस आणून बसविण्याचा मोह होतो.

पण तो बसविणें म्हणजे धोतर बदलण्याइतकें सोपें नव्हे. जुन्या जीपची चार-चाकी पेटी मागच्या चाकांकडे बळ पाठविते तें मध्यावरून नव्हे, उजव्या बाजूनें. म्हणून तिच्या आंसाचा भोपळाही उजवीकडे सरकलेला असतो. दुसऱ्या गाडीचा भोपळा मध्यावर असेल तर मधला शाफ्ट तिरपा पडतो आणि त्याचे सांधे लवकर झिजतात. पाट्यांच्या बैठकी जुळल्या पाहिजेत. दोन चाकांमधील रुंदी जुळली पाहिजे. ब्रेक बदलले तर ते सर्व चाकांवर समतोल लागले पाहिजेत. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे पुढच्या व मागच्या आंसांचें प्रमाण एकच पाहिजे. मागें ४.८८ आणि पुढें ५.३८ ठेवून कोणी चारही चाकें चालतीं केलीं, तर दोन आंस एकमेकांशीं भांडूं लागतात. एकास जितकें अंतर तोडावयाचें असतें तितकें दुसरा तोडूं देत नाहीं, आणि त्या भांडणांत कोणता तरी गिअर जीव देतो. एका घरांत दोन कारभारी निराळ्या हिशोबानें वागूं लागले म्हणजे जें होतें तेंच येथें होतें.

हें सारें ज्यांस कळतें ते मिस्त्री बहुतेक कोणत्याही कॉलेजांत शिकलेले नसतात. वोलरचें नांव त्यांनीं ऐकलेलें नसतें, पण आंस कोठें थकला आहे हें त्यांस हातोडीच्या आवाजावरून समजतें. हें ज्ञान पुस्तकांत नाहीं. तें उस्तादाकडून शागीर्दाकडे, एका काळ्या हातांतून दुसऱ्या काळ्या हातांत जातें, आणि ज्या दिवशीं हात थांबतील त्या दिवशीं संपेल. जुन्या पोथ्या नष्ट होतात म्हणून हळहळणाऱ्या आम्हां लोकांनीं ह्या विद्येच्या नाशाविषयीं उदासीन राहावें, हें योग्य नाहीं.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती डोळ्यांआड करणें अप्रामाणिकपणाचें होईल. रस्ता हा एकट्या हौशी मालकाचा नाहीं. चुकीच्या जागीं जोडणी केलेला आंस घाटांत तुटला तर मरणारा मालकच असेल असें नाहीं. वळणावर उभी असलेली शाळकरी मुलगी असूं शकेल. म्हणूनच कायद्यानें ह्यांत हात घातला. १९३९ च्या मोटारवाहन कायद्यांतही फेरबदलाविषयीं कलम होतें. १९८८ च्या कायद्यांत आरंभीं परवानगी घेऊन फेरबदल करण्यास जागा होती. २००० सालच्या दुरुस्तीनें उत्पादकानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मना झाला. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही हाच अर्थ पक्का केला. एंजिन बदलणें किंवा इंधनाची पद्धत बदलणें ह्यांस कांहीं अटींवर वाट ठेविलेली आहे, पण सांगाड्याच्या रचनेंत मालकाच्या मर्जीनें ढवळाढवळ करण्यास नाहीं. लोकांच्या जिवाची काळजी वाहणाऱ्या ह्या नियमाच्या हेतूविषयीं आम्हांस आदरच आहे.

तरी एका विसंगतीकडे लक्ष वेधल्यावांचून राहवत नाहीं. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना वारसा म्हणून निराळी नोंद देण्याचा नियम केला. अट अशी कीं, गाडी मूळ रूपांत राखलेली असावी, तिच्यांत मोठा फेरफार झालेला नसावा. मोत्यासारखी जपलेली, रविवारीं फेरफटक्यास निघणारी श्रीमंताची मोटार ह्या कसोटीस सहज उतरेल. पण जी जीप पन्नास वर्षें खरोखर राबली, जिनें धरणाच्या कामावर माती वाहिली आणि घाटांत वडाप ओढला, ती मूळ रूपांत कशी राहील? जिनें काम केलें तिचे भाग बदलले, आणि भाग बदलले म्हणून ती वारशांत बसत नाहीं. वस्तूचा इतिहास म्हणजे तिला काय काय झालें त्याची हकीकत. जिला कांहींच झालें नाहीं तिलाच ऐतिहासिक म्हणावयाचें, हा न्याय इतिहासाच्या अभ्यासकास पटणें कठीण आहे.

भाग बदलत गेले तर वस्तु तीच राहते काय, हा प्रश्न मोटारीहून फार जुना आहे. ग्रीक लोकांत थीसियसच्या जहाजाची गोष्ट प्लूटार्कनें सांगितली आहे. कुजलेली एकेक फळी बदलतां बदलतां सारें जहाज नवें झालें, तेव्हां तें जहाज तेंच कीं निराळें, ह्यावर अथेन्सचे पंडित वाद घालीत. पण आम्हांस त्याहून आपल्याकडचा मिलिंद राजाचा संवाद अधिक जवळचा वाटतो. भिक्षु नागसेन राजास विचारतो कीं, तूं रथांतून आलास, तर रथ कोणता? आंस हा रथ काय? चाकें हा रथ काय? दांडी हा रथ काय? राजा प्रत्येकास नाहीं म्हणतो, आणि अखेर त्यास उमगतें कीं, ह्या सर्वांच्या जुळणीमुळें रथ हें नांव पडलें आहे. ज्यानें एका जीपखालीं तीन वेळां आंस बदलला त्या मिस्त्रीस हा संवाद समजावून सांगावा लागणार नाहीं.

आणि काळानें ह्या प्रश्नाचें एक विलक्षण प्रत्यंतर आपल्यापुढें आणून ठेविलें. टोलीडोची विलीस कंपनी १९५३ सालीं कैसरनें घेतली, तिच्याकडून १९७० सालीं जीप अमेरिकन मोटर्सकडे आणि १९८७ सालीं क्रायस्लरकडे गेली. आज ती स्टेलांटिस ह्या बहुराष्ट्रीय समूहाची आहे. मालक बदलले, रूपही बदललें. इकडे महिंद्रांची जीप जुनें रूप बरेंचसें सांभाळून राहिली. २०१८ सालीं महिंद्रांनीं रॉक्सर नांवाची गाडी अमेरिकेंत मिशिगन संस्थानांतील ऑबर्न हिल्स येथें तयार करण्यास आरंभ केला. ती सुट्या भागांच्या रूपानें हिंदुस्थानांतून जाई आणि तेथें जुळविली जाई. १९४७ सालीं अमेरिकेच्या पेट्या मुंबईस आल्या होत्या. एकाहत्तर वर्षांनीं आपल्या पेट्या अमेरिकेस निघाल्या. तेव्हां जीपच्या मालकांनीं फिर्याद केली कीं, हें रूप आमचें आहे. तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगानें २०२० सालीं त्या गाडीस मनाई केली, आणि महिंद्रांनीं रूप पालटल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या रूपास मोकळीक दिली. सारांश, ज्या गाडीचे भाग आपण एकेक करून आपले केले तिचा चेहरा मात्र दुसऱ्याचाच ठरला. जुन्या जीपनें हें ऐकलें असतें तर ती आपल्या थकलेल्या आंसावर हंसली असती.

मग करावें काय? आमची सूचना साधी आहे. फेरबदलास सरसकट मनाई आणि सरसकट मोकळीक ह्यांच्या मध्यें तपासणी नांवाची एक तिसरी वाट असते. जुन्या गाडीखालीं दुसरा आंस बसवावयाचा असेल तर तो कोठून आणला, कोणी बसविला, प्रमाण काय, ब्रेक कोणते, हें सारें लिहून द्यावें. जाणत्या इंजिनिअरानें तें तपासावें. आणि गाडीच्या नोंदपुस्तकांत त्याची तारीखवार नोंद व्हावी. असें झालें तर रस्त्यावरचा माणूस सुरक्षित राहील, मिस्त्रीच्या विद्येस चोरासारखें मागल्या दारानें वावरावें लागणार नाहीं, आणि प्रत्येक जुन्या गाडीस आपली लहानशी बखर मिळेल. १९४८ च्या त्या १५५ जीपगाड्यांबरोबर अशी खरीखुरी नोंद आली असती, तर संसदेचा पुष्कळ वेळ वांचला असता.

मुंबईचीं रस्तोरस्तीं दिसणारीं काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी, जी कुर्ल्याच्या कारखान्याची लेक, ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर वयोमर्यादा संपून रस्त्यावरून गेली. लोक हळहळले, छायाचित्रें निघालीं, आणि दुसऱ्या दिवशीं शहर आपल्या कामास लागलें. गाड्या जाणारच; त्यांच्याकरितां फार शोक करण्याचें कारण नाहीं. परंतु त्या चालत्या ठेवण्याची जी विद्या दोन-तीन पिढ्यांनीं कष्टानें मिळविली, ती त्यांच्याबरोबर भंगारांत जाऊं नये. पुढल्या पिढीच्या गाड्या विजेवर चालतील आणि त्यांच्यांत एंजिन नसेल; पण चाक असेल तोंवर आंस असेल, आणि आंस असेल तोंवर तो कधीं ना कधीं थकेल. त्या वेळीं तो बदलणारा हात आपल्या गांवांत असला पाहिजे.